बेन चिफली : इंजिन ड्रायव्हर पंतप्रधान आणि कामगार चळवळीतील रंगभेद

ऑस्ट्रेलियाचे सोळावे पंतप्रधान बेन चिफली हे रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. संपात उतरल्यामुळे १९१७ साली त्यांची नोकरी गेली. बत्तीस वर्षांनी, पंतप्रधान असताना, खाण कामगारांचा संप मोडण्यासाठी त्यांनीच लष्कर पाठवले. बेरोजगाराला सरकारकडून हक्काने पैसे मिळावेत, हा कायदा ऑस्ट्रेलियात लागू झाला तेव्हा देशाचे अर्थखाते त्यांच्या हाती होते. आणि गोऱ्या नसलेल्या माणसाला देशाबाहेर ठेवणारे धोरण त्यांच्याही सरकारने तितक्याच कडकपणे राबवले. या सगळ्या गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यातल्या आहेत.

आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी हे चरित्र वाचावे असे आम्हाला वाटते. जगाच्या कामगार चळवळीचा इतिहास सांगताना आपल्याकडे रशिया, चीन आणि फार तर इंग्लंडपर्यंत बोलले जाते. पण ज्या देशात मतपेटीतून कामगारांचा पक्ष वारंवार सत्तेवर आला, त्या ऑस्ट्रेलियाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. बाबासाहेबांनी मुंबईच्या कामगार पुढाऱ्यांना जो प्रश्न विचारला होता, तोच तिथल्या चळवळीलाही विचारता येतो. तुम्ही कामगार म्हणता तेव्हा त्यात नेमके कोणाला धरता?

जोसेफ बेनेडिक्ट चिफली यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८५ रोजी न्यू साउथ वेल्स प्रांतातल्या बॅथर्स्ट या गावी झाला. सिडनीच्या पश्चिमेला डोंगररांग ओलांडली की हे गाव लागते. वडील लोहारकाम करत. घराणे आयरिश कॅथलिक. त्या काळी ऑस्ट्रेलियातल्या वरच्या वर्गात इंग्रज आणि स्कॉटिश प्रॉटेस्टंटांचा भरणा होता, तर आयरिश कॅथलिक बहुतेक करून मजूर, रेल्वे कामगार, खाण कामगार किंवा छोटे शेतकरी होते. धर्मामुळे त्यांना संशयाने पाहिले जाई आणि नोकरीतही डावलले जाई. या अवहेलनेची तुलना कोणी अस्पृश्यतेशी करू नये; आयरिश माणूस गोरा होता, मतदार होता आणि त्याच्या सावलीचा विटाळ कोणाला होत नव्हता. पण हा समाज मोठ्या संख्येने मजूर पक्षाकडे का वळला, हे त्यावरून कळते.

वयाच्या पाचव्या वर्षी बेनला आजोबांकडे लाइमकिल्न्स या खेड्यात ठेवण्यात आले. काठ्या आणि मातीने लिंपलेल्या भिंतींचे घर, शेतातली कामे आणि जमेल तेव्हा शाळा, असे बालपण गेले. १८९३ साली ऑस्ट्रेलियात बँका धडाधड बंद पडल्या आणि साध्या माणसांच्या ठेवी अडकल्या. तेव्हा ते सात-आठ वर्षांचे होते. खाजगी बँकांविषयीचा अविश्वास त्यांच्या पिढीत तिथूनच आला. पुढे बॅथर्स्टला पॅट्रिशियन ब्रदर्सच्या शाळेत त्यांनी दोनेक वर्षे शिक्षण घेतले, आणि शाळा तिथेच संपली.

१९०३ मध्ये ते रेल्वेच्या लोको शेडमध्ये पोऱ्या म्हणून लागले. मग इंजिन पुसणारा क्लीनर, मग भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन आणि १९१४ मध्ये ड्रायव्हर. वय तिशीच्या आतच होते. दिवसपाळी-रातपाळी सांभाळून त्यांनी रात्रीचे वर्ग केले, अर्थशास्त्र आणि इतिहासाची पुस्तके वाचली आणि पुढे रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये इतर कामगारांना इंजिनाचे तंत्र शिकवले. कॉलेजचे तोंड न पाहिलेल्या या माणसाने नंतर बँकिंगवर तज्ज्ञांशी वाद घातले, त्याची तयारी या रातपाळ्यांतून झाली.

त्याच १९१४ साली त्यांनी एलिझाबेथ मॅकेन्झी यांच्याशी लग्न केले. त्या प्रेस्बिटेरियन होत्या आणि लग्न त्यांच्याच चर्चमध्ये लागले. रोमच्या नियमाप्रमाणे कॅथलिक पाद्र्यासमोर न लागलेले लग्न वैध नव्हते. चिफली आयुष्यभर मिस्साला जात राहिले, पण मागच्या बाकावर बसत; धर्माचा पूर्ण लाभ त्यांना मिळत नव्हता. त्यांनी धर्म सोडला नाही आणि बायकोलाही धर्म सोडायला लावला नाही. जिथे आंतरजातीय लग्नासाठी आजही मुलामुलींचे मुडदे पडतात, तिथल्या वाचकांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

आता १९१७. पहिले महायुद्ध चालू होते. सक्तीच्या लष्करभरतीवरून मजूर पक्ष आदल्याच वर्षी फुटला होता. महागाई वाढत होती, मजुरी मात्र तशीच होती. अशा वेळी न्यू साउथ वेल्सच्या रेल्वे आणि ट्राम वर्कशॉपमध्ये टाइम कार्डाची पद्धत आणली गेली. प्रत्येक कामगार प्रत्येक कामाला किती वेळ घेतो त्याची नोंद होणार, आणि ती नोंद वरिष्ठ ठेवणार. कामगारांना त्यातला डाव कळला. आज वेळ मोजतील, उद्या वेग वाढवतील. २ ऑगस्टला वर्कशॉपमधून संप सुरू झाला आणि रेल्वे, गोदी, कोळसा खाणी असा पसरत गेला. सुमारे एक लाख कामगार त्यात ओढले गेले. चिफलीही उतरले.

सरकारने खेड्यापाड्यांतून शेतकरी आणि शहरांतून विद्यार्थी आणून त्यांच्याकडून कामे करवून घेतली. सिडनीच्या क्रिकेट मैदानावर त्यांच्या राहण्याची सोय केली. युनियनांची नोंदणी रद्द झाली. काही आठवड्यांत संप मोडला, आणि खरी शिक्षा त्यानंतर सुरू झाली. शेकडो कामगारांना परत घेतलेच नाही. ज्यांना घेतले त्यांची सेवाज्येष्ठता पुसून टाकली. चिफली यांना आधी काढले, मग खालच्या पायरीवर परत घेतले. ज्या पोरांना त्यांनी स्वतः काम शिकवले, ती पोरे संपात न उतरल्यामुळे त्यांच्या वर बसली. १९२५ साली जॅक लँग यांच्या मजूर सरकारने संपकऱ्यांची सेवाज्येष्ठता परत दिली; तोवर आठ वर्षे गेली होती.

या पराभवातून प्रत्येकाने आपापला धडा घेतला. काही जण कम्युनिस्ट झाले. चिफली यांनी उलटा निष्कर्ष काढला. तयारी नसताना केलेला संप कामगारालाच गाडतो. म्हणून संघटना बांधायची, लवादासमोर पुराव्यानिशी लढायचे आणि कायदे करणारी सत्ता हातात घ्यायची. इंजिन कर्मचाऱ्यांची देशव्यापी युनियन उभी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि लवाद न्यायालयात कामगारांची बाजू मांडली. त्यांच्या पुढच्या आयुष्यातले चांगले आणि वाईट, दोन्ही या निष्कर्षातून आलेले आहे असे आमचे मत आहे.

१९२५ ची निवडणूक ते हरले आणि १९२८ ला मॅक्वारी मतदारसंघातून संसदेत गेले. त्या प्रचारात त्यांनी दक्षिण युरोपातून, विशेषतः इटलीतून येणाऱ्या स्थलांतरितांविरुद्ध भाषा वापरली होती. परका मजूर स्वस्तात काम करतो आणि आपल्या मजुराची भाकरी घेतो, हा त्या काळच्या मजूर पक्षाचा हुकमी मुद्दा होता. चिफली यांच्यावर प्रेमाने लिहिणारे बरेच लोक हे पान लवकर उलटतात.

१९२९ च्या ऑक्टोबरात मजूर पक्ष सत्तेवर आला आणि काही दिवसांतच जागतिक मंदी कोसळली. लंडनच्या कर्जावरचे व्याज द्यायचे होते आणि बँका पैसे सोडत नव्हत्या. १९३१ साली सरकारने खर्चात वीस टक्के कपात स्वीकारली. त्यात पगार आले, पेन्शनही आली. चिफली तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि त्यांनी कपातीच्या बाजूने मत दिले. न्यू साउथ वेल्सचे लँग यांनी लंडनचे व्याज थांबवण्याची भूमिका घेतली होती. चिफली यांची युनियन लँग यांच्या बाजूने होती आणि तिने चिफली यांनाच काढून टाकले. आपण उभारलेल्या युनियनमधून हकालपट्टी, त्याच वर्षी निवडणुकीत पराभव, आणि मग नऊ वर्षे संसदेबाहेर.

या काळात ते गावाकडच्या ॲबरक्रॉम्बी शायर कौन्सिलचे, म्हणजे आपल्याकडच्या पंचायत समितीसारख्या संस्थेचे, सभासद होते. १९३३ ते १९४७, म्हणजे पंतप्रधान झाल्यावरही, त्यांनी हे सभासदत्व सोडले नाही. १९३५ मध्ये सरकारने बँकव्यवस्थेवर चौकशी आयोग नेमला, त्यावर त्यांना घेतले गेले. इतर सभासद सुधारणांवर थांबले. चिफली यांनी वेगळे मत नोंदवले की बँकिंग नफ्यासाठी चालवता कामा नये, ते सरकारच्याच हाती हवे.

१९४० ला ते पुन्हा निवडून आले. १९४१ मध्ये जॉन कर्टिन यांच्या सरकारात अर्थमंत्री झाले, आणि जुलै १९४५ मध्ये कर्टिन यांच्या मृत्यूनंतर पंतप्रधान. अर्थखाते त्यांनी शेवटपर्यंत स्वतःकडेच ठेवले.

ही वर्षे आपण लक्ष देऊन पाहिली पाहिजेत. जुलै १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. एकाच साम्राज्याच्या दोन टोकांना त्या वेळी एकच काम चालू होते. इकडे बाबासाहेबांच्या खात्याने सेवायोजन कार्यालये उभी केली आणि १९४६ मध्ये कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती पार पडली. तिकडे १९४२ मध्ये विधवांना पेन्शन सुरू झाली, आयकर एकट्या केंद्राच्या हाती आला, आणि १९४४ च्या कायद्याने बेरोजगारी व आजारपणातला भत्ता मंजूर होऊन १ जुलै १९४५ पासून लागू झाला. १९४८ च्या पहिल्या दिवसापासून चाळीस तासांचा आठवडा आला. चिफली यांच्या हाती सार्वभौम संसद होती आणि मजुरांचे बहुमत होते. बाबासाहेबांच्या हाती यांतले काहीच नव्हते. तरीही त्यांनी जे केले ते पाहिले, की त्यांना फक्त संविधानाच्या चौकटीत बसवणाऱ्यांची कीव येते.

पण १९४४ च्या त्या भत्त्याच्या कायद्यात एक कलम होते. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी माणसाला भत्ता मिळायचा असेल तर त्याचे चारित्र्य, बुद्धी आणि विकास त्या लायकीचा आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री पटायला हवी. गोऱ्या बेरोजगाराला अशी परीक्षा नव्हती. त्याच देशाच्या संविधानात लोकसंख्या मोजताना आदिवासींना मोजू नये असे कलम होते, ते १९६७ पर्यंत राहिले.

१ मे १९४६ रोजी, म्हणजे कामगार दिनालाच, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात आदिवासी गुराख्यांनी संप केला. मेंढ्या-गुरांच्या अवाढव्य मळ्यांवर राबणारी ही माणसे. कुठे फक्त पीठ, साखर, चहा मिळे, कुठे नावापुरते पैसे. सुमारे आठशे जण काम सोडून निघाले. नेत्यांना अटका झाल्या, माणसांना साखळ्या घातल्या गेल्या, तरी संप १९४९ पर्यंत टिकला. त्या वर्षी खलाशांच्या युनियनने तिथली लोकर जहाजावर चढवायला नकार दिला. या संपकऱ्यांची गाठ मुख्यतः प्रांतिक सरकारशी होती हे खरे, पण देशात कामगारांचे सरकार असताना या कामगारांचा आवाज कॅनबेराच्या मंत्रिमंडळापर्यंत कामगाराचा आवाज म्हणून पोहोचला नाही. १९४९ मध्ये चिफली सरकारने लष्करात सेवा केलेल्या आणि ज्यांना प्रांतात मत होते अशा आदिवासींना केंद्रीय निवडणुकीत मतदानाचा हक्क दिला. बाकीचे बाहेरच राहिले.

इथे आम्हाला मुंबईच्या गिरण्या आठवतात. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती आणि तिथे अस्पृश्याला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना सांगितले की ही बंदी उठवण्याची मागणी तुमच्या मागण्यांत घाला. तेव्हा कुठे ती नाखुशीने घातली गेली. १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी दाखवून दिले की आपला माणूस गँगमन म्हणूनच राहतो. त्याला पोर्टरचे कामही देत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरच्या कामाला लावतो आणि अस्पृश्य घरात कसा चालेल! चिफलीही रेल्वेचे कामगार होते. त्यांना क्लीनरपासून ड्रायव्हरपर्यंतची शिडी मोकळी मिळाली. मनमाडच्या गँगमनला ती पहिल्या पायरीवरच बंद होती.

गोऱ्या ऑस्ट्रेलियाचे धोरण १९०१ च्या कायद्यापासून चालत आले होते. नको असलेल्या माणसाची कोणत्याही युरोपीय भाषेत श्रुतलेखनाची परीक्षा घ्यायची, म्हणजे तो नापास होणारच. हा कायदा टिकवण्यात मजूर पक्ष सर्वांत पुढे होता. चिफली यांच्या सरकारने युद्धात उद्ध्वस्त झालेल्या युरोपातून मोठ्या संख्येने निर्वासित आणले आणि त्याच वेळी युद्धकाळात आश्रयाला आलेल्या आशियाई लोकांना परत पाठवायचा सपाटा लावला. ॲनी ओकीफ या इंडोनेशियातून आलेल्या विधवा. त्यांचा पहिला नवरा मित्रराष्ट्रांच्या बाजूने काम करताना वारला होता, दुसरा नवरा ऑस्ट्रेलियन होता, आठ मुले होती. त्यांनाही जायला सांगितले. १९४९ मध्ये हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तर सरकारने अशा निर्वासितांना हाकलण्यासाठी नवा कायदा केला. परराष्ट्र धोरणात हेच सरकार १९४७ साली भारताबरोबर इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत घेऊन गेले होते. एप्रिल १९४९ च्या लंडन परिषदेत प्रजासत्ताक भारताला राष्ट्रकुलात जागा मिळाली, तेव्हा चिफली तिथे होते आणि अनुकूल होते. आशिया स्वतंत्र व्हावा, पण आशियाई माणूस शेजारी राहायला येऊ नये, असा हा हिशेब.

बँकांचे प्रकरण मात्र त्यांच्या हिमतीचे आहे. १९४५ च्या बँकिंग कायद्यातले एक महत्त्वाचे कलम हायकोर्टाने १३ ऑगस्ट १९४७ रोजी रद्द केले. तीन दिवसांनी, १६ ऑगस्टला, चिफली यांनी सगळ्या खाजगी बँकांचे राष्ट्रीयीकरण करण्याचा निर्णय जाहीर केला. आपला देश आदल्या दिवशी स्वतंत्र झाला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये बाबासाहेबांनी राज्ये आणि अल्पसंख्याक हे आपले निवेदन तयार केले होते. महत्त्वाचे उद्योग आणि विमा सरकारच्या मालकीचे असावेत, शेती सामूहिक पद्धतीने व्हावी, आणि हे सगळे संविधानातच लिहावे, असे त्यात होते. संविधानातच कशाला, साधा कायदा पुरेसा नाही का, असे आमच्यातलेही काही अभ्यासक विचारतात. चिफली यांचे काय झाले ते त्यांनी पाहावे. संसदेने कायदा केला. बँका कोर्टात गेल्या. संविधानातल्या ९२ व्या कलमात प्रांताप्रांतांतला व्यापार मुक्त असेल असे म्हटले होते, त्याचा आधार घेऊन १९४८ मध्ये हायकोर्टाने आणि १९४९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने कायदा पाडला. बँकांनी आपल्या कारकुनांना घरोघरी प्रचाराला उतरवले. बहुमत होते, इच्छा होती, पण संविधानाची चौकट मालमत्तेच्या बाजूने होती. याउलट, १९४६ मध्ये सार्वमत घेऊन सामाजिक सुरक्षेचा अधिकार त्यांनी संविधानात घालून घेतला होता. तो भाग आजही उभा आहे.

आणि मग १९४९ चा कोळसा संप. २७ जूनला सुमारे तेवीस हजार खाण कामगार बाहेर पडले. आठवड्याला पस्तीस तास, पगारवाढ आणि दीर्घ सेवेची रजा या त्यांच्या मागण्या. खाणीतल्या धुळीने फुप्फुसे गेलेली, अपघातात माणसे गमावलेली ही कुटुंबे होती. मागण्यांत गैर काहीच नव्हते. पण थंडीचे दिवस, सिडनीची वीज आणि गॅस कोळशावर, आणि युनियनच्या नेतृत्वात कम्युनिस्ट. वीज गेली, कारखाने थांबले, लाखो कामगार घरी बसले. चिफली यांना यात १९१७ ची पुनरावृत्ती दिसली असावी, आणि लवाद सोडून दिलेले आव्हानही. दोन दिवसांत त्यांच्या सरकारने कायदा करून संपकऱ्यांना पैशाची मदत करणे गुन्हा ठरवले. युनियनचे पैसे गोठवले, नेत्यांना तुरुंगात टाकले. १ ऑगस्टला सैनिक उघड्या खाणींत उतरून कोळसा काढू लागले. शांततेच्या काळात संप मोडायला लष्कर वापरण्याची ऑस्ट्रेलियातली ही पहिली वेळ, आणि ती मजूर पक्षाच्या पंतप्रधानाने आणली. १५ ऑगस्टपर्यंत संप संपला.

७ नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले, कारण काँग्रेस मंत्रिमंडळाचे औद्योगिक कलह विधेयक संपावर बंधने घालत होते. कम्युनिस्टांशी बाबासाहेबांचे मतभेद चिफली यांच्यापेक्षा कमी नव्हते. पण संपाचा हक्क काढून घेणे म्हणजे माणसाला मनाविरुद्ध राबायला लावणे, अशी त्यांची भूमिका होती आणि त्यावर त्यांनी तडजोड केली नाही. चिफली यांनी केली. मजूर पक्षातले काही लोक आजही त्याचे समर्थन करतात. आम्हाला ते पटत नाही.

१० डिसेंबर १९४९ च्या निवडणुकीत रॉबर्ट मेन्झीज जिंकले. खाण कामगारांचा रोष, बँकांचा पैसा आणि युद्ध संपूनही चालू राहिलेले पेट्रोलचे रेशनिंग, सगळे एकत्र आले. चिफली विरोधी पक्षनेते झाले. मेन्झीज यांनी कम्युनिस्ट पक्षावर बंदी आणायचे ठरवले, तेव्हा ज्यांच्या युनियन नेत्यांना आपण तुरुंगात टाकले त्यांच्यावरच्या बंदीविरुद्ध चिफली बोलले; आरोप झाला की आरोपीनेच निर्दोषपणा सिद्ध करायचा, या तरतुदीवर त्यांचा मुख्य आक्षेप होता.

पंतप्रधान असताना ते सरकारी बंगल्यात राहिले नाहीत. कॅनबेरात कुराजॉंग हॉटेलातली एक साधी खोली, तिथून संसदेपर्यंत पायी, तोंडात पाइप. गावी बझबी स्ट्रीटवर एका सामाईक भिंतीचे छोटेसे घर, लग्नानंतर मिळालेले, तेच शेवटपर्यंत. पद गेल्यावरही त्यात काही भर पडली नव्हती.

१३ जून १९५१ च्या रात्री संसदेच्या पन्नाशीनिमित्त कॅनबेरात मोठा नृत्यसमारंभ होता. चिफली गेले नाहीत, खोलीतच थांबले. तिथेच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि रुग्णालयात नेईपर्यंत प्राण गेला. बातमी समारंभात पोहोचली तेव्हा मेन्झीज यांनी संगीत थांबवले आणि पाहुण्यांना घरी जायला सांगितले. बॅथर्स्टच्या कॅथलिक कॅथेड्रलमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना झाली आणि त्याच गावात त्यांना पुरण्यात आले. बझबी स्ट्रीटवरचे घर आता संग्रहालय आहे.